गाठ आधी गावाला, मग डॉक्टरला

मी हृदयाची डॉक्टर झाले असते तर फार बरं झालं असतं, असं मला दर सोमवारी वाटतं. हृदय कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याबद्दल कुणाला मतही नसतं. कातडीचं तसं नाही. अंगावर काही उगवलं की ते सगळ्यांना दिसतं, आणि दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर आमच्या मालवणात मत असतं!

बोर्डावर माझ्या नावाखाली ‘त्वचारोगतज्ज्ञ’ लिहिलंय. तो शब्द बहुधा मी एकटीच वाचते. स्टँडवर रिक्षावाल्याला ‘खरजेची डॉक्टरीण’ सांगा, बरोबर दारात आणून सोडेल.

खरूज, नायटा, घामोळं हे आमचं रोजचं जेवण. पण अधूनमधून समोरच्या खुर्चीत काहीतरी भलतंच येऊन बसतं. कॉलेजच्या जाड पुस्तकात ज्याला जेमतेम एक परिच्छेद होता, असलं काहीतरी. तोपर्यंत ती गाठ न्हाव्यानं बघितलेली असते, मासळीवालीनं दाबलेली असते आणि मुंबईच्या मेहुण्यानं व्हिडिओ कॉलवर ‘कायेक नाय’ म्हणून पास केलेली असते. माझा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो. मग गाठीबरोबर तिची अख्खी स्टोरीही माझ्याकडे येते, आणि गाठ कापून टाकली तरी स्टोरी राहते. अशा इतक्या साठल्यात की मित्रमंडळी चहाला बसली की एकीचं शेपूट धरून दुसरी बाहेर येते.

नावं बदलून सांगते. गाठी मात्र जशाच्या तशा.

*

वालावलकडचे दत्ताराम आबा डोक्याला उपरणं गुंडाळून आले. वय ऐंशीच्या आसपास. सोबत थोरला मुलगा विजय. मी म्हटलं, उपरणं काढा. आबांनी काढलं, आणि माझी नर्स सुलभा, जी एरवी कशालाच दचकत नाही, ती मागच्या कपाटावर जाऊन आदळली.

टकलाच्या मधोमध शिंग! खरंखुरं. पिवळट, कडक, बोकडाच्या पिल्लाला फुटतं तसं, जरासं वाकडं. आणि त्याला हळदकुंकू लावलेलं.

कातडीचा वरचा थर एकाच जागी साठत, घट्ट होत गेला की असं शिंग तयार होतं. आयुष्यभर उघड्या डोक्यानं उन्हात शेती केलेल्या म्हाताऱ्यांना क्वचित होतं. शिंग स्वतः काही करत नाही. पण त्याच्या बुडाशी कधी कधी कॅन्सर बसलेला असतो, म्हणून ते मुळापासून काढून तपासावं लागतं.

“हळदकुंकू कुणी लावलं?”

विजयनं अभिमानानं माहिती दिली. गावात एक बाबा आले होते. त्यांनी सांगितलं, हा साधा माणूस नाही, ह्यांच्यावर कृपा झालीय. तेव्हापासून दर सोमवारी लोक दर्शनाला येत होते. आबांना पाटावर बसवत होते. पडवीत नारळांचा ढीग पडला होता.

“आणि आबा, तुम्हाला काय वाटतं?”

“माका कुशीक वळाक गावणा नाय,” आबा म्हणाले. “उशयेत रुतता.”

मी शिंग काढावं लागेल म्हटल्यावर विजय अस्वस्थ झाला. “डॉक्टर, कापला आणि घराक काय झाला तर?”

आबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “आणि नाय कापला आणि माका काय झाला तर?”

शिंग काढलं. बुडाशी कॅन्सर होताच, पण नुकता सुरू झालेला. सगळा निघाला. आबा वाचले. विजयनं शिंग परत मागितलं, देव्हाऱ्यात ठेवायला. ते लॅबमध्ये तपासणीसाठी बारीक बारीक कापलं गेलं हे सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे जे पाहिलं! मूर्ती फोडणाऱ्याकडे बघावं तसं.

टाके काढायला आले तेव्हा मी विचारलं, “काय आबा, झोप लागते का आता?”

“झोप फस्क्लास लागता,” आबा म्हणाले. “पण एक सांगू? शिंग होता तवसर सून सकाळी पाया पडत होती, मगे चाय देत होती. आता चाय मागून घेवची लागता.”

*

आमच्याकडे चामखिळीवर एक घरगुती ऑपरेशन चालतं. तंगूस, म्हणजे मासेमारीचा बारीक नायलॉनचा दोरा, चामखिळीला करकचून बांधायचा आणि ती वाळून पडायची वाट बघायची. मी किती ओरडते, पण मालवणात तंगूस फुकट मिळतो आणि मी फुकट नाही.

तर बाबल्या नावाचा एक खलाशी छातीला हात लावून, कळवळत आला. सोबत बायको रेश्मा. “चामखीळ काळीनिळी झाली, पण पडूक नाय!” तो म्हणाला.

शर्ट वर केला. छातीच्या डाव्या बाजूला, जरा खाली, तंगूस आवळलेलं काहीतरी सुजून काळंनिळं झालेलं होतं. मी भिंगातून नीट पाहिलं. दोरा कापला.

“बाबल्या, ही चामखीळ नाही. जन्मापासून आहे ना?”

“व्हय. पण ल्हान होती.”

“हे तिसरं बोंड आहे. छातीवर दोन असतात ना, तसलंच हे एक जास्तीचं. काही माणसांना असतं. त्याला काही करायची गरज नसते, आणि तंगूस तर अजिबातच बांधायचा नसतो!”

बाबल्याचा चेहरा पडला. तो आपल्याच छातीकडे फसवणूक झाल्यासारखा बघत राहिला. रेश्मा मात्र शांतपणे पदर खोचून उठली.

“होती त्या दोनांचा तुमी काय केलात,” तिनं विचारलं, “म्हणान देवान तिसरा दिल्यान?”

*

आमच्या भागातले एक नेते. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही भाऊच म्हणते. त्यांच्या मानेवर मागच्या बाजूला चरबीची गाठ. निरुपद्रवी, मऊ. पण वर्षानुवर्षं वाढून मोठ्या हापूसएवढी झालेली. समोरून दिसत नव्हती आणि भाऊंचे सगळे फोटो समोरून असल्यामुळे तालुक्याला ती माहीत नव्हती.

“मॅडम, भायर कोणाक समजता नये,” भाऊ म्हणाले. “विरोधक भांडवल करतत.”

ठरलेल्या दिवशी भाऊ अगदी गुपचूप आले. म्हणजे ते स्वतः मागच्या दारानं, आणि पुढच्या दाराला पांढऱ्या गाड्यांची रांग. कार्यकर्ते माझ्या पेशंटांच्या खुर्च्यांवर पसरले. एकानं सुलभाला चहाचं विचारलं. सुलभानं त्याला नायट्याचं मलम दाखवलं.

कणकवलीहून माझा सर्जन मित्र समीर आला होता. त्यानं गाठ छान, अख्खी काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. दार किलकिलं करून कुणीतरी मोबाइल आत घातला. मी ओरडले, मोबाइल गायब झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याकडे येताना बाजारातल्या नाक्यावर भलाथोरला फ्लेक्स! ‘आमचे लाडके नेते मा. भाऊ यांच्या मानेवरील गाठीची यशस्वी शस्त्रक्रिया झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ डावीकडे हात जोडलेले भाऊ. उजवीकडे माझ्या ट्रेमधली गाठ, झेंडूच्या फुलांच्या चौकटीत. खाली शुभेच्छुकांची रांग.

खुर्चीत बसते न बसते तोच भाऊंचा फोन. “मॅडम, नाक्यावरचो बोर्ड बघितलात?”

“भाऊ, शपथेवर सांगते, तो फोटो आमच्यापैकी कुणी काढलेला नाही. तुमचं गुपित—”

“गुपिताचा सोडा हो!” भाऊ किंचाळले. “माझो फोटो गाठीपेक्षा ल्हान आसा!”

*

काही गाठी कापण्यासारख्या नसतात. प्राजक्ताच्या तशा होत्या. कुडाळला बँकेत नोकरी करणारी, हुशार, सडेतोड मुलगी. तिला लहानपणापासून नसांवर वाढणाऱ्या मऊ गाठी होत्या. दंडावर, पाठीवर, मानेवर, आणि अंगावर कॉफी सांडल्यासारखे डाग. ह्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, ते तिला माझ्याइतकंच पाठ होतं. दर वर्षी येऊन तपासून जायची.

एकदा ती आली ती वरात घेऊन. ती, तिची आई, शिवाय ज्याच्याशी लग्नाचं बोलणं चाललं होतं तो मुलगा, त्याची आई आणि वडील. मुलानं फुल टाइम मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं. बोलण्याचं काम आईकडे.

“आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हो,” मुलाची आई ऑफिसमधलं शुद्ध मराठी काढून म्हणाली. “फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. हे पसरतं का?”

“नाही. स्पर्शानं काही होत नाही.”

“आणि मुलांना?”

मी प्राजक्ताकडे पाहिलं. तिनं मान हलवली, सांगा म्हणून. मी सांगितलं. आनुवंशिक आहे, प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. प्राजक्ताच्या आईनं मान खाली घातली. ती इतकी खाली की मला तिचं कुंकूही दिसेना. चूक केल्यासारखी बसली होती बिचारी.

“तेच तर!” मुलाची आई खुर्चीत मागे टेकली. “काय आहे, आमच्या घराण्यात असलं काहीच नाही. आमचं रक्त अगदी स्वच्छ!”

एप्रिल महिना. लाइट गेलेले. मुलाच्या वडिलांनी घाम पुसायला शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

प्राजक्ता बघत होती. मीही बघत होते. काकांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गाठीच गाठी! सुपारीएवढ्या, लिंबाएवढ्या.

“काका, हे काय आहे?” प्राजक्तानं अगदी गोड आवाजात विचारलं.

“ह्या? ह्या काय नाय गो. चरबी.” काका बिनधास्त होते. “माझ्या बापाशीक होती. आमका सगळ्या भावांका आसत. थोरल्याच्या तर पाठीर इतकी मोठी—”

“अहो!” त्यांची बायको.

मुलानं पहिल्यांदा मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि स्वतःचे हात उलटेपालटे करून बघू लागला.

“चरबीच्या गाठी आहेत,” मी म्हटलं. “धोका काही नाही. पण काही घराण्यांत त्या आनुवंशिक असतात.”

खोलीत पंखासुद्धा फिरत नव्हता. प्राजक्तानं पर्स उचलली, आईच्या दंडाला धरून तिला उभं केलं आणि मुलाच्या आईला नमस्कार केला.

“आम्ही घरी जरा विचार करतो, काकू,” ती म्हणाली, “आणि कळवतो.”

*

आता थोडं आमच्या डॉक्टर लोकांबद्दल.

तोंडवलीचा रघुनाथ पर्यटकांना डॉल्फिन दाखवायची बोट चालवतो. त्याच्या खांद्याच्या मागे एक कडक, लालसर उंचवटा होता. जुन्या जखमेचा वण वाढलाय असं सगळ्यांना वाटत होतं. कुणीतरी बिब्बा लावून भाजूनही बघितलं होतं. मी तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट बघून खुर्चीत ताठ बसले. ज्याचं नाव एका दमात घेता येत नाही असा दुर्मीळ ट्यूमर. फार हळू वाढतो, पण मुळं लांबवर पसरवतो. नीट रुंद कापला नाही तर परत उगवतो. इथे होण्यातलं काम नव्हतं. मी रघुनाथला मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

ऑपरेशन उत्तम झालं. तो परत आला तेव्हा मी विचारलं, “कसं होतं तिकडे? नीट बघितलं ना सगळ्यांनी?”

“बघितल्यानी तर!” रघुनाथ म्हणाला. “सकाळ झाली की धा-पंधरा डॉक्टर येत. माका पालथो घालीत. एक मोठो डॉक्टर म्हणालो, ‘ब्यूटिफुल!’ मी आवशीक फोन करून सांगितलंय, आये, माका हय सुंदर म्हणतत.” मग जरा थांबून म्हणाला, “पण बाई, थय सगळे माझ्या गाठीक वळखत होते. माका कोण नाय. जेवणवालो सुद्दा म्हणा, ‘खांदा कोण? खांदा जेवला का?’”

काही महिन्यांनी गोव्यात आमची कॉन्फरन्स झाली. थंडगार हॉल, बुफे, कोट घातलेले लोक. तेच मोठे डॉक्टर स्टेजवर आले. “आता एक अत्यंत दुर्मीळ केस. रुग्णाची ओळख अर्थातच पूर्णपणे गुप्त ठेवली आहे,” असं गंभीरपणे म्हणून त्यांनी स्लाइड लावली.

पडदाभर रघुनाथचा खांदा. चेहरा नव्हता, हे खरं. पण टी-शर्ट फक्त खांद्यावरून खाली ओढलेला होता, आणि त्याच्या पाठीवर हे मोठं छापलेलं होतं: ‘रघुनाथ डॉल्फिन राइड, तोंडवली.’ खाली बुकिंगचा मोबाइल नंबर!

हॉलमध्ये कुणाच्याही लक्षात आलं नाही. सगळे गाठीकडे बघत होते.

मी परत येऊन रघुनाथला सांगितलं. मला वाटलं भडकेल. भडकायला हवंच होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. “किती लोक होते?”

“हॉल भरलेला होता.”

“नंबर नीट वाचूक येत होतो मा?”

*

हा किस्सा मी मित्रमंडळींत सांगते तेव्हा कुणी हसत नाही. तरी सांगते.

देवगडचे अण्णा. हापूसचे मोठे बागायतदार. कलमांवर त्यांचं इतकं लक्ष की पानावर करप्याचा एक ठिपका दिसला तर त्याच दिवशी फोटो काढून कृषी खात्यातल्या माणसाला पाठवायचे. तो माणूस आला नाही तर स्वतः त्याच्या दारात पान घेऊन उभे. पंचक्रोशीत अण्णांच्या बागेइतकी निरोगी बाग नव्हती.

माझ्याकडे आले ते बायकोला घेऊन. सुमतीकाकूंच्या हाताला खाज होती. औषध लिहून झालं, तेव्हा काकू म्हणाल्या, “ह्यांचो पाय पण वायच बघा. टाच काळी झाली हा.”

“काय नाय गो, चीक लागलोहा,” अण्णा म्हणाले. पण चप्पल काढली.

टाचेवर काळा डाग. कडा वेड्यावाकड्या, रंग कुठे गडद, कुठे निळसर, मधे जरा फुटलेला. मी भिंग लावलं. काळ्या पेशींचा कॅन्सर. मेलॅनोमा. आपल्या लोकांत विरळा, आणि झाला तर बरेचदा तळपायाला, जिथे कुणी बघत नाही.

“अण्णा, कधीपासून आहे हा?”

“दोन हंगाम झाले असतीत.”

“आणि दाखवलात नाही कुणाला?”

“पायाक कोण बघता? मोहोर इल्लो.”

मला राहवलं नाही. “हाच ठिपका कलमावर असता तर?”

अण्णा मोठ्यानं हसले. “कलमार आसतो तर दुसऱ्या दिवशी फवारणी!” मग हळूहळू त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू टाचेकडे बघत होत्या.

जांघेतल्या गाठी तेव्हाच सुजलेल्या होत्या. मुंबईला ऑपरेशन झालं, औषधं झाली, जे जे करायचं ते सगळं झालं. पुढच्या वर्षीचा मोहोर अण्णांनी बघितला. आंबा नाही.

पावसाच्या आधी एक दिवस दवाखान्यासमोर टेम्पो थांबला. सुमतीकाकू उतरल्या. मागून दोन्ही मुलगे, सुना आणि बागेतले सगळे गडी. काकूंनी सगळ्यांना बाकांवर बसवलं, चप्पल काढायला लावल्या.

“सगळ्यांचे तळपाय बघा,” त्या मला म्हणाल्या.

एक म्हातारा गडी पाय मागे ओढत होता. “वैनी, माका कायेक नाय. उगाच डॉक्टरांका तरास.”

“अण्णांकाय कायेक नव्हता,” काकू म्हणाल्या. “पाय वर कर.”

*

किनाऱ्यालगत एक होमस्टे आहे. तिथली माशांची थाळी फार नावाजलेली. चालवतात माई, आणि मासे साफ करायची त्यांची सून वर्षा. रोज सकाळी आदाळ्यावर, म्हणजे आमच्या विळीवर, बसायचं आणि बर्फातली सुरमई, पापलेट, बांगडे पर्यटकांसाठी कापत राहायचं. माईंचा मुलगा प्रसाद पाहुण्यांना समुद्राकडे बोट दाखवून सूर्यास्त कुठे होतो ते सांगायचा. त्याचं काम तेवढंच.

वर्षाच्या उजव्या हाताच्या एका बोटात कळ यायची. साधी नाही, नखातून वीज शिरून खांद्यापर्यंत जावी तशी. बर्फाला हात लागला की ती किंचाळायची. मासा हातातून उडायचा.

बोट बाहेरून अगदी चांगलं. सूज नाही, जखम नाही. एक्सरे नॉर्मल. मणक्याची तपासणी झाली, नॉर्मल. मग टेन्शनच्या गोळ्या झाल्या. देवाकडे गाऱ्हाणं झालं. काही वर्षं असं चाललं आणि घरात एकमतानं निदान ठरलं: नाटक.

माझ्याकडेही माई सोबत आल्या होत्या, आणि वर्षानं तोंड उघडायच्या आत त्यांनीच हिस्ट्री दिली. “सगळा जमता हो तिका. मोबाइल जमता, केस विंचरूक जमता, माहेराक जावक जमता. फक्त मासे साफ करताना बोट दुखता!”

वर्षा बोट दुसऱ्या मुठीत धरून बसली होती, लहान मुलाला जपावं तसं. मग एकदम म्हणाली, “बाई, कापून टाका ह्या बोट. मी सही देतंय.”

मी नख उजेडात धरलं. एका कोपऱ्यात अगदी पुसटशी निळी झाक होती. पेन्सिलीच्या टोकानं नखावर दाबत गेले. इथे? नाही. इथे? नाही. त्या निळ्या जागी टोक टेकलं मात्र, वर्षा खुर्चीसकट मागे गेली! डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

“बघितलात?” माई म्हणाल्या. “असाच करता.”

“माई, हे नाटक नाही. नखाखाली गाठ आहे. मोहरीएवढी असते, पण तिला गार लागलं की माणूस असा तडफडतो. दुर्मीळ असते, म्हणून कुणाच्या डोक्यात येत नाही.”

माईंचा विश्वास बसला नाही, पण दाराशी उभ्या असलेल्या प्रसादनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. “आये, काढून तर बघूया.”

समीरनं बोट बधिर करून नख उचललं आणि निळसर, चमकदार दाणा अलगद बाहेर काढला. माईंना दाखवायचाच असा मी हट्ट धरला. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

“इतकीशीच?” त्या म्हणाल्या. “आणि इतको बोभाटो?”

टेबलावरून वर्षाचा आवाज आला. “डोळ्यात वाळयेचो कण गेलो तर तुमी दोन दिस पडान ऱ्हवतास, माई.”

काही आठवड्यांनी ती दाखवायला आली. माई आणि प्रसाद बाहेर बसले. जखम भरली होती, नवं नख अर्धं आलं होतं. मी त्याच जागी पेन्सिलीचं टोक दाबलं. काही नाही. सुलभानं बर्फाचा खडा आणला. मी तो नखावर ठेवला. वर्षानं सवयीनं डोळे घट्ट मिटले होते.

काहीच झालं नाही.

तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. बर्फ वितळून तिच्या तळहातावर पाणी जमलं. तिनं तो खडा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच त्या बोटावर फिरवत राहिली, गालाला लावला, परत बोटावर धरला. तिला रडू आलं आणि हसूही आलं.

इतक्यात बाहेरून माईंचा आवाज. “झाला काय गो? बरा झाला मा बोट? मुंबयचो मोठो ग्रुप येतासा, सुरमय बर्फात पडलीसा!”

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. बर्फ वाटीत ठेवला, पदरानं हात कोरडा केला, दारातून चेहरा दिसणार नाही अशी भिंतीकडे वळली. आणि तिनं असा काही टाहो फोडला की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

माई धावत आत. “अगो बाये! अजून दुखता?”

वर्षाचे खांदे गदगदत होते. मी सुलभाकडे पाहिलं. सुलभा कापसाच्या गुंडाळीत काहीतरी अतिशय महत्त्वाचं शोधत होती.

मी चष्मा चढवला. “माई, गाठ निघालीय. पण बर्फातले मासे हिला बंद.”

“कितके दिस?”

“कायमचे.”

माई खुर्चीत बसल्या. दारात उभा असलेला प्रसाद हळूच एक पाऊल मागे सरकला, मग अजून एक.

“खंय चल्लंस?” माईंनी मान न वळवता विचारलं. “घराक चल. आदाळ्यार कसा बसतत, ता दाखवतंय तुका.”